एकट्यांची खोली

विकृतिशास्त्र शिकलेल्या डॉक्टरला रुग्ण भेटत नाही; रुग्णाचा अंश भेटतो. नळीतले रक्त, बाटलीतला मांसाचा तुकडा, काचेवर पसरलेला थर. त्याने पाहावे, लिहावे, सही करावी. पुढचे बोलणे दुसऱ्या डॉक्टरने करायचे. यवतमाळात माझी लहानशी प्रयोगशाळा होती आणि निवृत्त होईपर्यंत मी हेच केले. मला ते मानवले. ज्यांना माणसांशी फार बोलणे जमत नाही, त्यांच्यासाठी वैद्यकाने ही एक शाखा राखून ठेवली आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. ते हसत. मी विनोद करीत नव्हतो.

कामातल्या आठवणी लिहा, असे या अंकाच्या संपादकांनी सांगितले तेव्हा काविळीच्या साथी आठवल्या, अहवाल माझ्यासमोर फाडून टाकणारे नातेवाईक आठवले. त्यांतले काही लिहावेसे वाटले नाही. एकच गोष्ट लिहितो. ती पांढऱ्या उंदरांची आहे, पण सुरुवात एका ग्रेडरपासून करावी लागेल.

कापसाचे ते दिवस वाईट होते. खरेदी केंद्रावर ग्रेडर नावाचा एक माणूस असतो. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, बोटांनी तंतू ओढून पाहायचा, ओल आणि कचरा जोखायचा आणि प्रत सांगायची. प्रतीवर भाव ठरतो. त्या वर्षांत तो भाव कोणालाही पुरत नव्हता. भाव ठरवणारे दूर होते. समोर दिसे तो ग्रेडर. वणीकडच्या एका केंद्रावरचे असे एक गृहस्थ माझ्याकडे रक्त तपासायला आले. स्वच्छ सदरा, खिशाला पेन, घराण्यात तीन पिढ्यांची कचेरीची नोकरी. झोप नाही, अन्न जात नाही, डोक्यात भुंगा फिरतो, अशी तक्रार. सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या. अहवाल घेऊन ते गेले नाहीत. समोरच्या बाकावर बसून राहिले. मग आत आले.

"सगळं नॉर्मल आहे म्हणता डॉक्टरसाहेब. मग मी ढोंग करून राहिलो का?"

रक्तात दोष नाही, इतकेच मी म्हणतो आहे, असे मी सांगितले.

"मी कापूस हातात घेतो, तुम्ही रक्त घेता. माझ्या बोटाला लागली नाही ती खोट कापसात नाहीच, असं मी कधी लिहिलं नाही."

मी त्यांना बसायला सांगितले, हे माझ्या बाबतीत पुष्कळ होते. शिव्या त्यांना सोसवत होत्या. एकदा कोणी गचांडी धरली, तेही सोसले. सोसवत नव्हते ते निराळेच. कुटुंब अमरावतीला, हे केंद्राजवळ खोली घेऊन राहत. चहाच्या टपरीवर जाऊन बसले की बाकावरची माणसे उठून जात. कोणी काही बोलत नसे, नुसती उठत. खानावळीत त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायला सुरुवात केली होती, म्हणजे समोरची खुर्ची रिकामी दिसू नये. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. ते पुन्हा दोनदा रक्त तपासायला आले, आणि नंतर आले नाहीत.

आता थोडे माझ्या विषयाचे. मेंदू म्हटले की लोकांना मज्जापेशी आठवतात. त्यांच्यामध्ये वसलेल्या आणखी एका जातीच्या पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. शरीरात रोगाशी झुंजण्याचे काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. मेंदूत ते काम प्रामुख्याने यांचे. गर्भ अगदी लहान असतानाच त्या बाहेरून मेंदूत येतात आणि तेथेच राहतात. अंग बारीक, आणि त्यातून चहूकडे केसासारख्या फांद्या. आम्ही शिकलो तेव्हा या अवस्थेला विश्रांतीची अवस्था म्हणत. पुढे जिवंत मेंदूत डोकावण्याची साधने आली आणि कळले की त्यांना विश्रांती नसतेच. फांद्या हलवून त्या सतत शेजार चाचपत असतात. जखम झाली किंवा जंतू शिरला की फांद्या आखडतात, अंग फुगते, आणि त्या लढाईला व झाडलोटीला लागतात. त्या वेळी ज्या द्रव्यांनी शत्रू मरतो, त्यांचीच झळ शेजारच्या निरोगी पेशींना लागू शकते. काम संपल्यावर पूर्ववत व्हावे, अशी अपेक्षा असते.

त्या वर्षांत नियतकालिकांतून वेगळेच वाचायला मिळू लागले. जखम नाही, जंतू नाही, केवळ दीर्घकाळचा ताण. तरीही उंदरांच्या मेंदूतल्या या पेशी फुगलेल्या सापडत. म्हणजे चोर आलेलाच नाही, पण पहारेकरी काठी आपटीत घरभर फिरतो आहे आणि घरातल्यांची झोप उडाली आहे. नैराश्यात आणि चिंतेच्या विकारांत यांचा हात असावा, असा तर्क होता. तो माणसाच्या बाबतीत आजही पुरता सिद्ध झालेला नाही, हे येथेच सांगून ठेवतो. परंतु बोटाला न लागणारी खोट कोठे असू शकेल, याचा एक पत्ता मला मिळाला होता.

सकाळी प्रयोगशाळा चालवून दुपारी तीननंतर मी एका खाजगी संस्थेच्या औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवीत असे. तेथे एक प्राणीगृह होते: दोन खोल्या, काही पिंजरे, एक कर्मचारी. मी प्रयोगाचा प्रस्ताव दिला, समितीची रीतसर परवानगी मिळाली. ताण देण्याच्या पुष्कळ रीती आहेत. उंदराला अरुंद नळीत कोंडतात, थंड पाण्यात सोडतात. मी त्यांतली एकही घेतली नाही. ग्रेडर डोळ्यांसमोर होते. एका खोलीत पाच-पाच उंदरांचे पिंजरे. दुसऱ्या खोलीत एका पिंजऱ्यात एक उंदीर, मध्ये लाकडी फळी, शेजारी दिसणार नाही अशी. अन्न सारखे, पाणी सारखे, उजेड सारखा. फरक सोबतीचा. काही आठवड्यांनी त्यांना वेदनेशिवाय मारायचे आणि मेंदूचे काप काढून पाहायचे. एकट्या उंदरांना हात लावायचा नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही, हा नियम मी दारावर लिहून लावला.

त्या दोन खोल्यांचे कर्मचारी देवसिंग होते. पन्नाशीचे, आर्णीच्या वाटेवरल्या एका बंजारा तांड्यावरचे. पूर्वी ते जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कामाला होते. जिनिंग बंद पडले, तेव्हा संस्थेत रोजंदारीवर लागले. त्यांची ही रोजी माझ्या उंदरांवर अवलंबून होती. प्राचार्यांनी ते आम्हा दोघांना एकाच वेळी सांगितले होते. प्रयोगातून काही निघाले तर प्राणीगृह राहील. निघाले नाही तर ती जागा संगणकांना हवी आहे. देवसिंग मान हलवून म्हणाले, "म्हंजे उंदरावर आलं म्हना." प्राचार्य हसले. देवसिंगांनी मात्र लगेच जाऊन पिंजरे धुवायला घेतले.

या पेशी डोळ्यांना दिसाव्यात म्हणून मी चांदीच्या क्षाराने काप रंगवण्याची जुनी पद्धत वापरत असे. ती खर्चाला हलकी आणि स्वभावाला वाईट. काचसामानावर बोटाचा डाग राहिला तरी काळे ठिपके उमटतात. वीज गेली की शुद्ध पाणी तयार होत नाही, आणि त्या वर्षांत वीज जाणे हाच नियम होता. सगळे साधले तर सोनेरी पार्श्वभूमीवर काळ्या, बारीक, फांद्यांच्या आकृती दिसतात. मला त्या फार आवडत. कोणता काप कोणत्या उंदराचा, हे झाकून ठेवून पाहायचे, म्हणजे मन डोळ्यांना फसवीत नाही.

पाहिले. झाकण काढले. दोन्ही गटांत काहीही फरक नव्हता. एकट्यांच्या पेशी पाचांतल्यांइतक्याच बारीक, तितक्याच फांद्यांच्या.

मी रंगाला दोष दिला. चांदीचे द्रावण पुन्हा केले, पुन्हा काप रंगवले. रंग उत्तम होता. मग उंदरांचा नवा संच घेऊन प्रयोग पुन्हा मांडला. प्राचार्यांनी संगणकांसाठी खोल्यांची मापे घ्यायला माणूस पाठवला. तो फीत लावून भिंती मोजत असताना देवसिंग हातात पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभे होते. आमची दृष्टादृष्ट झाली.

एका दुपारी माझ्या प्रयोगशाळेची वीज सकाळपासून नव्हती, म्हणून शुद्ध पाण्यासाठी मी जेवणाच्या वेळी महाविद्यालयात गेलो. एरवी त्या वेळी मी तेथे कधीच नसे. एकट्यांच्या खोलीचे दार लोटलेले होते. आत देवसिंग जमिनीवर मांडी घालून बसले होते. फळ्या काढून भिंतीला टेकवलेल्या. सर्व पिंजरे फडताळावरून उतरवून त्यांच्याभोवती अर्धगोलात मांडलेले. पुढ्यात भाकरी, ठेचा, वरणाचा डबा. उंदीर जाळीला नाक लावून बसले होते. एक त्यांच्या खांद्यावर होता. प्रत्येक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कापसाचा बोळा होता आणि उंदरांनी तो पिंजून त्याची गादी केली होती.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"जेवून राह्यलो, सायेब."

"पिंजरे खाली का घेतले?"

"वर ठेवले तं दिसत नाही त्यायले."

"काय दिसत नाही?"

"मी जेवतानी."

हे रोज चालते का, असे मी विचारले. रोज चालत होते. सुट्टीच्या दिवशीही ते तांड्यावरून सायकलने येत, कारण त्या दिवशी इमारतीत पाऊलही वाजत नाही आणि उंदीर जास्त एकटे पडतात. दारावरचा नियम त्यांना ठाऊक होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला होता.

"हात म्या नाही लावला," खांद्यावरचा उंदीर उतरवत ते म्हणाले. "तेच येते अंगावर. आन् बोलतो ते मी आपल्याशीच बोलतो. त्यायनं आयकलं तं मी काय करू?"

"आणि कापूस?"

"घरचा हाय. बजारात त्याले कोनी धड पाहून नाही राह्यलं. म्हटलं, इथं तरी कामी येईन."

मी त्यांना नीट समजावले. प्रयोग फसला आहे. तो या जेवणामुळे फसला आहे. निष्कर्ष निघाला नाही तर ही खोली जाईल आणि खोलीबरोबर त्यांचे काम जाईल. हे सांगताना माझा आवाज चढला नाही. चढत नाही. ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होते.

"मालूम हाय सायेब. खोली गेली का मी गेलो." हातातला तुकडा डब्यात ठेवून ते म्हणाले, "पयल्या हप्त्यात ते जेवतच नव्हते. दाना तसाच पडून राहे. आमच्या तांड्यात येकटं मानूस जेवाले बसलं तं कोनी ना कोनी सामोर येऊन बसते. जेवत नाही, नुसतं बसते. शेवटी मारतोच ना आपन यायले? मंग तवरिक तं येकटं नका जेवू देऊ."

मी विचारले, असे होते तर पलीकडच्या खोलीत का बसला नाहीत?

"तिकडं पाच-पाच हायेत. भांडतात, हिसकून खातात, येकमेकायच्या अंगावर झोपतात. त्यायले कायले मानूस पाहिजे?"

मी शुद्ध पाणी न घेताच परतलो.

काय घडले होते, ते शास्त्राच्या दृष्टीने सरळ होते. हळुवार स्पर्श, परिचित आवाज, घरटे करायला सामग्री, यांनी उंदरावरचा ताण उतरतो, हे ज्ञात आहे. माझे एकटे उंदीर कधी एकटे नव्हतेच. त्यांना दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, पाहुणा येत होता. त्या दोन संचांवर काट मारून मी प्रयोग मोडू शकलो असतो. तसे केले असते तर देवसिंगांची रोजी त्याच दिवशी संपली असती. मी तिसरा संच मांडला. या खेपेस एकट्यांच्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली माझ्याजवळ ठेवली. दाणापाणी मी स्वतः करायचे ठरवले. आधीचे संच टाकले नाहीत. ते "मनुष्याच्या सहवासातील एकटे" असा वेगळा गट म्हणून राखले.

पहिल्या दिवशी दाणा टाकून बाहेर पडायला दार उघडले, तर देवसिंग दाराबाहेर, उंबऱ्याला लागून, डबा उघडून बसलेले. उंदरांचे कान तीक्ष्ण असतात. भाकरी मोडल्याचाही आवाज आत जातो. जेवायला दुसरीकडे बसा, असे मला सांगावे लागले.

"कुठं?" त्यांनी विचारले.

ते मला ठाऊक नव्हते. इमारतीत त्यांच्या बरोबरीचे दुसरे कोणी नव्हते. पुढे ते मागच्या पायरीवर बसू लागले.

तेव्हा माझी पत्नी जाऊन काही वर्षे झाली होती. मुलगी पुण्याला. माझा डबा खानावळीतून येई. उंदरांसाठी दुपारीच यावे लागत असल्याने तो मी महाविद्यालयात आणवू लागलो आणि सामानाच्या खोलीत दार लावून जेवू लागलो. त्यापूर्वी खोलीत जायचे, फडताळाशी उभे राहायचे, दाणा टाकायचा, बाटली बदलायची, उंदराकडे न पाहता निघायचे. मी उत्तम कर्मचारी ठरलो. कशालाही हात लावला नाही. पहिल्या आठवड्यात बरेच दाणे तसेच पडून राहिले, ते मी वजन करून टाकून दिले. पुढे उंदीर जाळीजवळ येईनासे झाले. कोपऱ्यात पाठ लावून बसत. त्या खोलीत इतकी शांतता असे की कुलूप लावताना होणारा आवाज मला मोठा वाटे.

काप रंगवले. झाकण काढण्याआधीच मला उत्तर कळले होते. एका गटात पेशींची अंगे फुगली होती आणि फांद्या आखूड, जाड झाल्या होत्या. तो एकट्यांचा गट होता. देवसिंगांनी ज्यांच्यापुढे भाकरी खाल्ली, त्यांचे काप पाचांतल्यांजवळ बसत होते.

मी देवसिंगांना बोलावले आणि सूक्ष्मदर्शीवर दोन्ही काप दाखवले. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले.

"हे कोळ्यावानी दिसते. पाय पसरून हाय," ते म्हणाले. दुसऱ्याशी आल्यावर म्हणाले, "यानं पाय वढून घेतले. भेलं हाय हे."

कशाला भ्यायले असेल, असे मी विचारले. त्यांनी मान वर केली नाही.

"खोलीत काहीच नव्हतं. त्यालेच भेलं असंन." मग त्यांनी विचारले, "याले आता काही करता येते का, सायेब?"

"नाही. हे मेलेले आहेत."

"हो. तेच म्हनलं."

निबंध एका परिषदेत वाचला गेला. उंदीर थोडे होते. पद्धत जुनी होती. पेशींचे फुगणे हे कारण की परिणाम, हे आमच्या प्रयोगाने सांगता येत नव्हते. तसे मी लिहिले. आभारात देवसिंगांचे नाव घातले होते. छापताना त्याचे "प्राणीगृह कर्मचारी" झाले. श्रोत्यांतून एकाने विचारले, सहवासाचा गट कसा सुचला? मी सांगितले, सुचला नाही. लोक हसले. येथेही मी विनोद केला नव्हता.

ग्रेडरना मी शोधून पाहिले. आमच्या कामातले काही त्यांच्यापर्यंत पोचावे, अशी माझी इच्छा होती. ते केंद्र बंद झाले होते. चहाच्या टपरीवर विचारले, तर त्यांचे नावही कोणाला सांगता येईना. हातात कापूस धरणारा तो माणूस, एवढेच लोकांना आठवत होते. त्यांना सांगायचे वाक्य मी तयार ठेवले होते: तुम्ही ढोंग करीत नव्हता. ते वाक्य माझ्याजवळच राहिले.

निबंधाच्या बळावर प्राणीगृह मी निवृत्त होईपर्यंत टिकले. मी गेलो आणि त्यानंतर पहिल्याच सुट्टीत तेथे संगणक बसले. देवसिंग तांड्यावर परतले. ते मला कोणीतरी सांगितले. मी विचारायला गेलो नव्हतो.

प्रयोगशाळा विकली. घर मोठे नाही, पण एका माणसाला जास्त आहे. डबा दुपारी येतो. वर्तमानपत्र समोर उभे करून मी जेवतो.

गेल्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी कडी वाजली. देवसिंग होते. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात पिशवी. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर असतो, शेत बरे आहे, गुडघे बरे नाहीत, इतके उभ्यानेच सांगून झाले. या, म्हणालो. ते आत आले. टेबलावर माझे ताट वाढलेले होते, वर्तमानपत्र उघडे होते. त्यांनी ते सर्व एकदा पाहिले. खुर्ची पुढे केली, ती घेतली नाही. समोर जमिनीवर मांडी घातली, पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली आणि माझ्याकडे न पाहता खायला सुरुवात केली.

मी वर्तमानपत्र मिटले. आम्ही जेवलो. हात धुताना ते म्हणाले, पुढच्या बाजारीही याच वेळी येईन. बरे, म्हणालो. त्यांनी मला कोणत्या गटात धरले आहे, ते मला विचारावे लागले नाही.